पायरीवरची तपासणी

"दाब. बरगडीच्या खाली दाब. अजून खाली. हां, तिथं."

डॉक्टर खुर्चीत बसून सांगत होते. दाबत होती माझी आई. नसरापूरच्या दवाखान्याच्या बाहेर लांब दगडी पायरी होती, तिच्यावर माझा मोठा भाऊ उताणा निजला होता. सदरा छातीपर्यंत वर केलेला. येणारे-जाणारे त्याच्या उशाकडून वर चढत होते. आईनं त्याच्या पोटावर दोन्ही हात ठेवले होते आणि ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती.

"कडक लागतंय का काही?"

"न्हाई जी."

"नीट बघ की. गोळाबिळा?"

"न्हाई जी साहेब. पोटच हाय."

आत बाकावर बसलेली माणसं हसली. डॉक्टरही हसले. माझी आई त्यांच्या आईच्या वयाची होती आणि ते तिला अगं-तुगं करत होते, आणि तीही सगळ्यांबरोबर हसली. हसायचं कशाला ते तिला कळलं नव्हतं. मोठी माणसं हसली की आपणही हसावं, एवढंच तिला आयुष्यभर शिकवलेलं.

दादा हसला नाही. तो वर बघत होता. दवाखान्याच्या पत्र्याकडे.

आमच्या तपासणीची रीतच ती होती. शिवऱ्याजवळच्या आमच्या वस्तीतलं माणूस आलं की ते पायरीवर. डॉक्टर आत. जीभ लांबून बघायची, डोळे लांबून बघायचे. नाडी बघायची असली तर कंपाउंडर मनगटावर फडक्याची घडी ठेवून बघायचा. आणि पोट बघायचं असलं तर सोबत आलेल्या माणसानं दाबायचं आणि काय लागतंय ते सांगायचं. बायकोनं नवऱ्याचं दाबायचं, आईनं लेकाचं. एकटा आला असेल तर स्वतःचं स्वतः. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट आईला वाटायचं, डॉक्टर आपल्याला विचारतात तरी.

आम्ही दीक्षा घेतली होती. घरातले देव नदीला सोडले होते. पण गावाच्या तोंडी आमच्या वस्तीचं जुनंच नाव होतं आणि दवाखान्याची पायरीही जुनीच.

दादा कापूरहोळला ट्रकच्या गॅरेजात कामाला होता. स्प्रिंगचे पाटे एकटा उचलायचा. असला माणूस वर्षभरात वाळत गेला. सदरे ढगळ झाले. मीच शिवायची त्याचे सदरे, सातवीनंतर भोरला शिवण शिकून आले होते, घरी मशीन होतं. माप धाकटं धाकटं होत गेलं तसं मला कळत होतं की हे साधं नाही. तो म्हणायचा, उजव्या बाजूला जड वाटतंय, जेवण जात नाही.

डॉक्टर म्हणाले, "दारू कमी कर."

"म्या पीत न्हाई जी."

"सगळे असंच म्हणतात."

"न्हाई जी खरंच. दीक्षा घेतल्यापास्नं आमच्या घरात थेंब न्हाई."

"बरं बरं," डॉक्टर म्हणाले आणि बाकाकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला. तो डोळा मी बघितला. कंपाउंडरनं खिडकीतून पुड्या टाकल्या. खाली पडतील म्हणून दादानं दोन्ही हातांची ओंजळ केली होती. एवढा मोठा बाप्या माणूस, आणि ओंजळ करून उभा.

असं आम्ही वर्षभर जात होतो. दर वेळी पायरी. दर वेळी आईचे हात. दर वेळी "न्हाई जी".

शेवटी दादाच्या डोळ्यांत पिवळेपणा आला, पोटात पाणी धरलं आणि गॅरेजच्या मालकानं एका ट्रकवाल्याला सांगून आम्हाला पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात धाडलं. दादा, आई आणि मी. कात्रजचा घाट उतरताना दादा पोट धरून बसला होता आणि आई त्याला सारखी विचारत होती, "लई दुखतंय का रं?"

पुण्याला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दादाला खाटेवर निजवलं, सदरा वर केला आणि हात पुढं केला. तेवढ्यात दादानं अंग चोरलं आणि तो घाईघाईनं म्हणाला, "बाई, आमी बौद्ध हाय."

त्यांना विटाळ होऊ नये म्हणून त्यानं आधीच सांगून टाकलं. मरणाच्या दारातला माणूस डॉक्टरला सांभाळून घेत होता.

बाई म्हणाल्या, "मग काय झालं? श्वास घ्या मोठा."

आणि त्यांनी हात ठेवला. अख्खा तळवा. डावा हात कमरेखाली, उजवा बरगडीच्या खाली. दादा श्वास घेत होता, सोडत होता, आणि त्यांचा हात त्या श्वासाबरोबर खालीवर होत होता. मग तो एका जागी थांबला. बाईंचा चेहरा बदलला. मी तिथंच समजले.

परत येताना गाडीत दादा मला म्हणाला, "मला 'घ्या' म्हणाली गं ती. श्वास घ्या." त्याला दुखण्यापेक्षा त्याचंच जास्त नवल वाटत होतं. मला ते आठवलं की अजून आत तुटतं.

निघण्याआधी त्याला बाहेर बसवून बाईंनी आम्हा दोघींना सांगितलं होतं. लिव्हरला गाठ आहे. कॅन्सरची. मोठी झालीय, आता कापता येणार नाही. आधी कुणी पोट तपासलं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. आईनं मान खाली घातली. मी सांगितलं, तपासत होते, आईच्या हातानं. बाईंना ते समजेना. मला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना मला पहिल्यांदाच त्या गोष्टीची लाज वाटली. म्हणजे आमची नव्हे. त्या डॉक्टरची.

मग बाईंनी विचारलं, "लहानपणी ह्यांना कावीळ झाली होती का?"

झाली होती की. त्यालाच काय, आम्हा सगळ्यांनाच. मी तेव्हा शाळेत होते. एका पावसाळ्यात तापाची साथ आली आणि आमच्या वस्तीला इंजेक्शनं दिली होती. त्याच पायरीवर. दवाखान्यात स्टोव्हवर भांड्यात सुया उकळत असायच्या, त्या गावाच्या. आमची सुई वेगळी. ती एका पत्र्याच्या डबीत. आमची सुई त्या भांड्यात घातली तर भांडं बाटलं असतं, म्हणून ती कधी उकळलीच नाही. एकाला टोचलं की कंपाउंडर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा आणि दुसऱ्याला टोचायचा. सगळ्या वस्तीला एकच सुई.

आणि आमच्या लोकांना त्याचं कौतुक. आई मोठ्या अभिमानानं म्हणायची, "आपली सुई येगळी हाय. गावाचा रोग आपल्याला न्हाई लागायचा."

दिवाळीच्या सुमाराला घरोघर डोळे पिवळे झाले. गाव म्हणालं, ओढ्याचं पाणी पितात, होणारच. आम्हीही तेच म्हणालो. काविळीच्या माळा घातल्या, ताक प्यालो, काही जण गेले, बाकीचे बरे झाले. बरे झाले असं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी हे सगळं कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "कावीळ सुईतूनही लागते. आणि काहींच्या अंगात ती राहते. वर वर माणूस बरा दिसतो, आत लिव्हर खराब होत जातं. दारूचा थेंब न पिताही. त्यातून कुणाकुणाला पुढं अशी गाठ येते."

"मंग आमी काय करायचं?" मी विचारलं.

"दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं. ज्यांना ज्यांना तेव्हा कावीळ झाली होती त्या सगळ्यांनी. गाठ लहान असते तेव्हा दुखत नाही. दुखायला लागली म्हणजे उशीर झालेला असतो. म्हणून काही होत नसताना यायचं. रक्ताचीही एक नवी तपासणी निघालीय, ती मुंबईला होते. पण हात ठेवून बघणं तर कुठंही होतं. तुमच्या जवळच्या डॉक्टरांनाही येतं. त्यांना शंका आली तर इकडं पाठवतील."

त्यांनी माझं पोट तिथंच बघितलं. काही नव्हतं. आईला म्हणाल्या, तुम्हीही निजा. आई निजली नाही. ती भिंतीला टेकून उभी होती आणि स्वतःचे हात बघत होती.

दादा फार दिवस राहिला नाही. सुगी संपता संपता गेला. वहिनी वेल्ह्याकडची, ती लेकरू घेऊन माहेरी गेली. घरात आम्ही दोघीच उरलो.

आई भाकरी थापायला बसायची आणि मध्येच थांबायची. पीठ तसंच हाताला. मी विचारलं की म्हणायची, "ह्याच हाताखाली व्हता गं त्यो गोळा. म्या न्हाई म्हणाले. येवढं दाबून न्हाई म्हणाले."

"आई, तुला काय कळणार? तू डॉक्टर हायस का?"

"आईला कळाया पायजे व्हतं."

आजन्म ती बाई त्या हातांनी जेवणार, त्याच हातांनी डोळे पुसणार. त्या डॉक्टरनं आपलं काम तिच्या हातांवर टाकलं आणि दोषही तिच्याच पदरात टाकला. तो रात्री सुखानं झोपत असेल. त्याच्या बायकोचे ब्लाउज माझ्याकडं शिवायला येत होते. मापाला जुना ब्लाउज यायचा मोलकरणीबरोबर, कारण टेप लावायला मला अंगाला हात लावावा लागला असता. दादा गेल्यावर आलेलं कापड मी तसंच परत पाठवलं.

दादाच्या पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जमली होती. वंदना झाली, जेवणं झाली. मी उभी राहिले आणि पुण्याच्या बाईंनी जे सांगितलं ते सांगितलं. सुईचं सांगितलं. सहा महिन्यांचं सांगितलं. बायाबापड्या ऐकत होत्या. आमच्या वस्तीतले थोरले तात्या, त्यांनाही त्या वर्षी कावीळ झालेली, ते म्हणाले, "दुखत न्हाई तर डाक्टरला सांगायचं तरी काय? मला काय बी झालं न्हाई, मला तपासा?"

लोक हसले. दुःखाच्या घरातही माणसं हसतात.

मग माझी चुलती म्हणाली, "दुखतंय तवा बसतो बाय आमी पायरीवर. इलाज नसतो. धडधाकट असताना कोण जाईल तिथं बसाया?"

तेव्हा कुणी हसलं नाही.

बरोबर बोलली ती. दुखत असलं की माणूस अपमान गिळतो, औषधाच्या पुडीबरोबर. पण काही दुखत नसताना, अंगात ताकद असताना, वर्षातून दोनदा आपण होऊन त्या पायरीवर जाऊन निजायचं? सगळ्या गावादेखत? आमची माणसं अडाणी म्हणून तपासायला जात नाहीत असं नव्हतं. थोडा मान शिल्लक होता, म्हणून जात नव्हती. आणि तो मान राखता राखता मरणार होती. हे मला त्या दिवशी उमगलं. पुण्याला मी एकटी जाऊन आले असते. पण अख्खी वस्ती पुण्याला कशी नेणार? तात्या चार पावलं चालले की धापा टाकतात.

सहा महिने झाले तशी मी निघाले. एकटी. नसरापूरच्या बाजाराचा दिवस होता, दवाखाना भरलेला. मी मुद्दामच तो दिवस धरला. पायरीशी गेले आणि उभी राहिले. बसले नाही.

डॉक्टरांनी बघितलं. "काय गं? काय होतंय?"

"काय बी होत न्हाई."

"मग आलीस कशाला?"

"पोट तपासायचंय. ल्हानपनी कावीळ झाल्ती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दर सहा म्हैन्यांनी तपासून घ्या म्हणून. माझा भाऊ लिव्हरच्या गाठीनं गेला. तुमाला ठावं हाय."

त्यांनी च् च् केलं. "हो, ऐकलं मी. वाईट झालं." मग माझ्या मागं बघितलं. "सोबत कोण आहे? एकटीच आलीस? आईला घेऊन ये जा. ती दाबेल."

आई दाबेल.

त्या माणसाला काहीच कळलं नव्हतं. त्यानं ते वाईट बुद्धीनंही म्हटलं नव्हतं. रीत म्हणून म्हटलं. आजवर मी कधी त्या माणसासमोर मान वर करून बोलले नव्हते.

"आई न्हाई दाबणार," मी म्हणाले. "तिनं वर्षभर दाबलंय. हात तुमी लावा."

बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली.

"बाईमाणूस आहेस," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "चारचौघांत काय बोलतेस? जरा लाज बाळग."

"आत खाट हाय. पडदा हाय. गावच्या बाया तिथंच तपासता की तुमी."

"हे बघ, मला काही नाही. मी विटाळबिटाळ मानत नाही. पण लोकांचं बघावं लागतं."

"मंग लोकांनाच इचारते," मी म्हणाले आणि बाकाकडं वळले. सगळे ओळखीचे. ज्यांच्या शेतात आम्ही भात लावला, ज्यांची कापणी केली, ते. "ह्यांनी माझ्या पोटाला हात लावला तर तुमच्यापैकी कुणाची हरकत हाय? ज्याची असंल त्यानं बोलावं. त्वांडानं बोलावं."

एकानं पिशवी उगाच उघडून बघितली. एक जण बाहेर बघायला लागला. एक म्हातारी पदर तोंडाला लावून बसली होती, ती पुटपुटली, "बगा की वं डाक्टर. पोर हाय." बस, तेवढंच. पण मला तेवढंही नको होतं. मला कुणाची दया नको होती.

मी चपला काढल्या, पायरी चढले, बाकासमोरून गेले आणि पडदा बाजूला करून खाटेवर निजले. मला भीती वाटत होती. लाजही वाटत होती. पण उठायचं नाही हे ठरलं होतं. त्यांनी हाकललं असतं तरी मी उठणार नव्हते.

डॉक्टर बऱ्याच वेळानं आत आले. त्यांनी लुगड्यावरूनच दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "काही नाही. ऊठ."

"पुण्याला असं न्हाई बगत," मी म्हणाले. "तळवा ठेवत्यात. श्वास घ्यायला सांगत्यात."

त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली. मग त्यांनी हात ठेवला. बरगडीच्या खाली, पूर्ण हात. गार होता.

"श्वास घे."

मी घेतला.

"सोड."

सोडला. अजून एकदा. त्यांचा हात वरखाली झाला. तो कुठंही थांबला नाही.

"काही लागत नाही," ते म्हणाले. आणि पडद्याबाहेर गेले. मोरीत पाणी सुरू झालं. साबणाची वडी खाली ठेवल्याचा आवाज आला. परत पाणी. ते कोपरापर्यंत धूत असावेत, इतका वेळ लागला.

मी लुगडं नीट केलं आणि बाहेर आले. सडकेला येऊन एसटीच्या थांब्यावर बसले आणि तिथं मला रडू फुटलं. ते बरं वाटल्याचं रडू नव्हतं. मी गाठ नाही म्हणून रडत नव्हते. मी रडत होते कारण ते एवढंच होतं. एक हात आणि दोन श्वास. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ नाही. एवढ्यासाठी माझ्या भावाला वर्षभर पायरीवर निजवलं. एवढंसं द्यायला त्यांचं काय गेलं असतं? दादा कदाचित तरीही गेला असता. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या की लवकर कळूनही सगळी वाचत नाहीत. पण त्याला निदान कुणीतरी हात लावला असता. माणूस म्हणून तपासलं असतं. त्यानंतर मेला असता तर मी रोगाला शिव्या दिल्या असत्या.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कुणी दाबलं?"

"त्यानं."

आई भिंतीकडं तोंड करून निजली. तिच्या पाठीवरून मला कळत होतं की ती रडतेय.

त्या वर्षी आईचे डोळेही पिवळे झाले होते. तात्यांचे झाले होते, चुलतीचे झाले होते. तेव्हा एकमेकांना बिलगून पायरीवर बसलेली ती सगळी पोरं आता लेकुरवाळी झालीत. मी घरोघर जाऊन सांगितलंय. जो येणार नाही त्याच्या दारात मी बसणार आहे. आधी आईला नेणार. ती नाही म्हणेल, म्हणेल मला काय धाड झालीय, मी तिला नेणार. पायरीवर नाही, आत, खाटेवर. मग एकेकाला. सहा महिन्यांनी पुन्हा सगळ्यांना. आणि त्याच्या पुढच्या सहा महिन्यांनी पुन्हा. त्या डॉक्टरनं नंतर हात खुशाल धुवावेत. साबण लावून धुवावेत, घासून घासून धुवावेत. पण आधी लावावे लागतील.